देव अजून पाटावरच

१४ नोव्हें. ९४
सापडलं! हिराआत्याचा अख्खा धवळा दोन कॉर्डवर बसतो. ए मायनर, जी, परत ए मायनर. दिवाळीपासून उगाच डोकं फोडत होते. काल शेजारच्या हळदीला ती गात होती आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून ओढणीखाली बोटं हलवत होते. बरोबर बसलं!
आत्या गायला लागली की आमच्या करावे गावात लग्न सुरू झालं. धवळा गाऊन लग्न लावणारी धवलारीण तीच. तिच्याआधी भटजीलासुद्धा कोणी बस म्हणत नाही. पाटावर तांदळाचे छोटे ढीग मांडते, एकेक ढीग एकेक देव. एकवीरा आईपासून खाडीच्या देवापर्यंत सगळ्यांना नाव घेऊन आवतण. मग नवरानवरीची नावं. मग हळद, तेल, मांडव, वरात.
घरी येऊन गिटारवर वाजवून दाखवलं. आत्या म्हणाली, "सूर बरा हाय. पन तुजी ही पेटी रडतं कित्याला गो?"
ए मायनरचं याहून चांगलं वर्णन कुणी केलेलं नाही.

८ डिसें. ९४
नवीन गाणं. आपोआप आलं, अर्ध्या तासात, टँकरच्या रांगेकडे बघताना. स्टेशनजवळच्या त्या नव्या इमारतीला पाणी नाही, बायका हंडे घेऊन खाली उभ्या. ती इमारत उभी आहे तिथे आमचा भात व्हायचा. बाबा रांगेकडे बघत म्हणाले, "आपला भात कदी पान्याला रडला नाय."
आमचे शेतान इमारत उगवली,
तिला पानी कोन घाली गो...
बोलीत लिहिलंय. शुद्ध करून बघितलं, मेलं ते. परत बोलीत केलं, उठून बसलं.

३ फेब्रु. ९५
कॉलेजचं गॅदरिंग. वाशी.
नऊवारी आणि गिटार बघून मागच्या बाकांवरून "ओ मावशीऽऽ, मासे कसे दिले" सुरू. पहिल्या कडव्याला तेच. दुसऱ्या कडव्याला कमी. तिसऱ्याला शिरवण्याची, सानपाड्याची, आमच्या गावची सगळी पोरं उभी राहिली. घरी बोलतात पण कॉलेजात लपवतात ती भाषा माइकवरून ऐकली ना. "कोन घाली गोऽऽ" सगळा हॉल!
वन्स मोअर दोनदा. प्रिन्सिपॉल म्हणाले, उच्चारांकडे लक्ष दे.
द्यायचं नाही हे आज ठरलं.

६ सप्टें. ९५
सानपाड्याला गणपतीत कार्यक्रम. माथाड्यांची वस्ती, सगळे सातारकडचे. माझी बोली यांना कळेल का, टेन्शन. ढोलकीवाला आला नाही म्हणून मंडळाने त्यांचाच एक मुलगा दिला. महेश. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, हा तिथेच एका गाळ्यावर.
विचारलं, गाणी माहीत आहेत का? म्हणाला, "न्हाईत. तुम्ही चालू करा, मी येतो मागनं."
आला की! मागून नाही, बरोबरीने. गावच्या यात्रेत तमाशाच्या तंबूमागे बसून शिकलाय म्हणे. माझी गिटार एकटीच चालत होती इतके दिवस, ते आज कळलं. सातारकर बायका खुर्च्या सरकवून नाचल्या.
त्याने जाताना विचारलं, "परत कधी वाजवायचं?" मी म्हटलं, उद्या. फार पटकन म्हटलं.

२० ऑक्टो. ९५
बँडला नाव पाहिजे. म. म्हणतो "कांदा-बटाटा". बेंजोवाला चिंत्या म्हणतो "वनिता अँड पार्टी", म्हणजे लेझीम पथक वाटेल. मी "खाजण" म्हटलं. खाडीचं पाणी येतं-जातं ती जमीन. शेत पण नाही, समुद्र पण नाही. चिंत्याने लगेच बेंजोच्या पेटीवर लिहून टाकलं, म्हणजे आवडलं.

१७ जाने. ९६
रेकॉर्डिंग!! कॅसेट निघणार. कॅसेट कंपनीच्या शेठना "इमारत" गाणं हवं होतं, पण बाकी नऊ पण घेतली. बी साइडला जागा उरली म्हणून धवळा करायचं ठरलं, गिटार, ढोलकी, बेंजो. लहानपणापासून ऐकतेय, डोळे मिटून गाऊ शकते, आवतणापासून वरातीपर्यंत.
नवरानवरीच्या नावांपाशी आले आणि अडले. नावं घ्यायला तर हवीत. धवळा नावांशिवाय पुढे सरकतच नाही. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हातवारे करतोय, टेप चालू हाय मॅडम.
तोंडात आली ती घेतली. नवरी वनिता, नवरा महेश.
ढोलकीचा एक ठोका चुकला. एकच.
रेकॉर्डिस्ट म्हणाला परत घेऊ. म. म्हणाला, "नको. र्‍हाऊ द्या." बाहेर येऊन वडापाव खाल्ले. चिंत्या एकटाच हसत होता, गाढव.

११ एप्रिल ९६
आज मी स्वतःला चार ठिकाणी ऐकलं. रिक्षात. नेरूळच्या पानपट्टीवर. वाळूच्या ट्रकमध्ये. आणि स्टेशनजवळच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून, जिला पाणी नाही तीच! कॅसेटवाला म्हणतो पनवेल, उरण, अलिबाग, माल पुरत नाही.
बाबांनी गंभीरपणे विचारलं, "तुना ओलखतील का आता बाजारान?" मग स्वतःच मला घेऊन मासळी आणायला गेले, ओळखतात का बघायला. एका कोळणीने ओळखलं. सुरमई घेऊन आले. नेहमी बोंबील आणतात.

१२ मे ९६
शिरवण्याला मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला. मांडवात शिरले तर स्पीकरवर मी! धवळा! आत्याला बोलावलंच नव्हतं, कॅसेट लावली होती. यजमानीण म्हणाली, "तुजे आत्यापेक्षा खनखनीत हाय गो." मी एवढी फुगले की काय सांगू.
पाटावर तांदळाचे ढीग कुणीतरी घाईघाईत मांडलेले. वरात निघाली, आम्ही सगळे नेहमीसारखे मागे नाचत. पाय सुजलेत.

१३ मे ९६
आत्याला कौतुकाने सांगायला गेले. ती लसूण सोलत होती. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली,
"वरात गेली. मंग?"
"मग काय, नाचलो."
"नि देव?"
"कुठले देव?"
लसूण खाली ठेवला. "पाटावं बसवलेले. त्यांना कोनी उठवला?"
मला कळेना. आणि मग हळूहळू कळायला लागलं. धवळा वरातीला संपत नाही! वरात गेली की रिकाम्या मांडवात आत्या एकटी बसते आणि उरलेला गाते. ज्यांना ज्यांना बोलावलं त्या प्रत्येक देवाला परत आपापल्या जागी पाठवते. मग तांदूळ उचलते. एकवीस वर्षांची झाले, या गावात शेकडो लग्नं जेवले, आणि शेवट ऐकलाच नाही. कारण प्रत्येक वेळी मी बँडमागे पळत होते. सगळेच पळतात.
"जिकरं जिकरं तुजी कॅसेट वाजली, तिकरं देव बसून हायेत, वने. आवतन दिलास नि निरोप नाय."
पनवेल, उरण, अलिबाग. माल पुरत नाही.

२१ मे ९६
शेजारच्या रिक्षावाल्याकडून कळलं. आत्या रोज त्याची रिक्षा करून जाते. काल शिरवणे, परवा सारसोळे. जिथे कॅसेट वाजली असं कानावर येतं तिथे न बोलावता जाते आणि रिकाम्या मांडवात बसते. सत्तरीची बाई. मला एका शब्दाने बोलली नाही.
रडले. मग रागावले, तिच्यावर की माझ्यावर माहीत नाही.

२२ मे ९६
तिच्याकडे गेले. म्हटलं, मला शेवट शिकव, नवीन कॅसेट काढते, जुनी बदलून देते.
"शिकवून भागाचा नाय."
मग खरं काय ते बाहेर आलं. ती निरोप द्यायला बसते, पण देव उठत नाहीत. असं तीच म्हणते. कारण ते त्या घरच्या लग्नाला आलेलेच नाहीत.
"आवतनान नाव कोनाचा घेतलास? नवरी वनिता. नवरा महेस. ते तुजे लग्नाला आयलेत. तुजा लगीन पुरा झाल्याबिगर कशे जातील?"
मी हसायला लागले. ती हसली नाही. मग ती पण हसली, पदर तोंडाला लावून. मग म्हणाली, "हसू नको. खरा हाय."
महेश कोण, कुठला, काहीच विचारलं नाही तिने. नाव ऐकूनच कळलं असणार. एका ठोक्यावरून पण कळलं असेल, कान तिचे आहेत.

२३ मे ९६
म.ला सांगितलं. मार्केटच्या गेटपाशी, चहा पिताना.
त्याने आधी चहा संपवला. मग, "म्हंजे आपलं लगीन लागलंय का न्हाय?"
"अर्धं."
"मला अर्धं बी चालंल."
चहा सांडला माझ्या हातून. मी म्हटलं, कॅसेटच्या भानगडीसाठी कुणी लग्न करत नाही. तो म्हणाला, "बरोबर हाय." आणि कप परत द्यायला गेला. मूर्ख. मी पण मूर्ख.

१८ फेब्रु. ९७
वाशीचं मैदान! शेवटपर्यंत माणसं, झाडांवर पोरं. "इमारत" तीनदा म्हणावं लागलं. शेवटी मी थांबले आणि सगळं मैदान एकटंच गात राहिलं. मी फक्त गिटार वाजवत उभी. असं वाटत होतं आपण जमिनीवर नाही आहोत.
आणि स्टेजमागे, कार्यक्रम संपल्यावर, उरणच्या तीन मुली भेटल्या. तिघींत एक गिटार. म्हणाल्या, "ताई, आमी पन बोलीन लिवतो." म्हणून दाखवलं तिथेच. मिठागरावरचं गाणं. माझ्यापेक्षा चांगला मुखडा आहे! जळले जरा. मग पाठीवर थाप मारली. पनवेलला पण पोरांचा एक बँड निघालाय म्हणे, "खाजण"सारखाच. म. म्हणाला, "आता तुला कॉपी करत्यात, म्हंजे तू जुनी झालीस." आनंदाने म्हणाला पण.
धवळ्याची फर्माईश आली. नाही म्हटलं. म. माझ्याकडे बघत होता.

६ मार्च ९७
शेठ खूश. दुसरी कॅसेट हवीच. आणि मे-जून पूर्ण महाराष्ट्र दौरा, नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत, पुढच्या वर्षीही तसाच. ऐन लग्नसराईत. पण अट, धवळा पाहिजे, "वो शादीवाला, पार्ट टू". त्यांना कसं समजवायचं की पार्ट टूमध्ये देव घरी जातात.

२ नोव्हें. ९७
लिहायचं राहून गेलं. मे-जूनचा दौरा झाला, मग दसरा-दिवाळीत आणखी एक; दुसरी कॅसेट मात्र "नंतर बघू" म्हणत टाळली. गाडी, मैदान, गाडी, मैदान. कोल्हापूरला माझी बोली कुणाला कळली नसेल, तरी रडणाऱ्या बायका बघितल्या. परवा परत आलो.
येताना लोणावळ्याला गाडी थांबली. म. चिक्की घेऊन आला आणि काहीच न बोलता माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "ऐक. कॅसेट नाही, देव नाहीत, आत्या नाही. नुसतं असंच विचारते. करायचं का?"
"मी तर स्टुडिओतच हो म्हणलोय."
"कधी?"
"ठोका चुकला न्हाय का."
इतकी खूश आहे की चिक्कीचं पाकीट अजून फोडलेलं नाही. उशाशी ठेवलंय.

१५ नोव्हें. ९७
दोन्ही घरी वादळ. बाबा: "घाटावरचा? आपले जातीन पोरं संपली काय?" त्याची आई: "गिटारवाली सून? नि लगीन बाई लावनार? भटजी न्हाई?" मग तिच्याच डोक्यात उजेड पडला की कॅसेटवर दोघांची नावं आहेत आणि अख्ख्या सानपाड्याने ती ऐकली आहे. आता नाही म्हटलं तर लोक म्हणतील पोराने सोडली. कॅसेटचा असा फायदा शेठच्या पण डोक्यात आला नसता.
ठरलं: भटजी पण, धवळा पण, नंतर त्यांच्याकडे गोंधळ पण. बाबांनी एकच विचारलं, "त्यो मासे खातं का?" खातो.

१० जाने. ९८
आत्याला म्हटलं, माझ्या लग्नात शेवट ऐकायचा आहे मला.
"नवरी वरातीसंगं जातं. कोनी नवरीनं ऐकला नाय आजपरंत."
"मी नाही जाणार. वरात थांबव."
आत्याने मला खाली बसवलं. "ऐकून नुसता ऐकलेला नस्तो गो. ज्यानं ऐकला त्यानं गावाचा. मंग जल्मभर कोनी बोलवाला आयला तं नाय बोलाचा नाय. पाऊस असूं दे, ताप असूं दे, तुजा कारेक्रम असूं दे. मी आयशीच्या तेराव्याचे दिवशी मांडवान गेलूं."
लग्नसराई म्हणजे दौरा. शेठच्या यंदाच्या दौऱ्याचा कागद माझ्या पर्समध्ये आहे, सही बाकी. आत्याच्या मागे कोणी नाही. तिने कधी कुणाला शिकवलंच नाही, कुणी थांबलंच नाही.
आणि देव? ते कुठल्या कुठल्या घरी बसलेत.

१४ फेब्रु. ९८
हळद. कोपरापर्यंत पिवळी आहे, पानाला डाग पडतील, पडू देत. आत्या गायली. आवतणात नावांपाशी आली आणि जरा थांबली, सगळ्या मांडवाकडे बघून मग म्हणाली, नवरी वनिता, नवरा महेश. बायका हसून लोळल्या, सगळ्यांना कॅसेट पाठ. आत्याचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो आता. कुणाला कळलं नसेल. मला कळलं.
उरणच्या त्या तिघी आल्यात. खांबाला टेकून उभ्या. मोठीची बोटं ओढणीखाली हलत होती.

१५ फेब्रु. ९८
लागलं! भटजीच्या मंत्रांनी लागलं, आत्याच्या धवळ्यानेही लागलं. म. फेट्यात इतका हँडसम दिसतोय की हसू येतं.
आता वरात. टेम्पो दारात, बेंजो तयार, सासूबाई घड्याळ बघतायत, "अगं सानपाडा लांब हाय, दिवस मावळायच्या आत घरात पाऊल पडाया पायजे!" मी मांडवात खाली बसलेय. नवी साडी, पर्स, वही. बाबांनी तीन वेळा येऊन बघितलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा पाण्याचा तांब्या ठेवून गेले.
म. बाहेर आहे. बेंजोवाल्यांना सांगितलंय, नवरी मांडवातून बाहेर येईपर्यंत एक ठोका नाही. चिंत्याला विश्वास बसत नाहीये. वरातीचा एवढा घोळका आणि चिडीचूप. असं या गावात पहिल्यांदाच.
मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कागद पर्समध्येच आहे. उठले तर आयुष्यभर मैदानं आहेत, मला मैदानं आवडतात, खोटं कशाला बोलू. बसले तर...
आत्याने पाट समोर ओढून घेतला. तांदळाचे ढीग कालचेच. दिवा पुढे केला. म्हणाली, पहिला शब्द कानावर पडेपर्यंत उठता येतं. नंतर नाही.
एवढी तर वाशीच्या मैदानावर पण घाबरले नव्हते.
गळा साफ करतेय ती.
"वही ठेव गो, वने."